तापता ग्रीष्म आणि वैद्याचे कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन आले आहे. प्रकृती, आहार, बल आणि वय भिन्न असूनही असंख्य माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का दगावतात, हा अग्निवेशाचा प्रश्न होय. वायू, उदक, देश व काल या चार भावांची विकृती, असे उत्तर भगवान आत्रेय देतात. या चौघांत काल हा सर्वाधिक दुष्परिहार्य मानला आहे. हवामानबदलाची चर्चा होते, तेव्हा आम्हां वैद्यांना या अध्यायाचे स्मरण होते. मात्र त्यापुढे जाऊन आपल्या चिकित्सालयात काय बदलावयाचे, याचा विचार आता अगत्याचा झाला आहे.

मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंश सेल्सिअसपर्यंत गेले. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसून आले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णता कृती आराखडा अमलात आणला. पूर्वसूचना, आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि लोकजागृती हे त्याचे मुख्य घटक. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी हा मार्ग स्वीकारला, आणि २०१९ मध्ये केंद्र शासनाने हवामानबदल व मानवी आरोग्य यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तरीही १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात पार पडलेल्या सोहळ्यानंतर १४ जणांना प्राण गमवावे लागले. कोकणातील दमट हवेत घाम वाळत नाही. म्हणून विदर्भाच्या तुलनेत कमी तापमानही तेथे घातक ठरू शकते.

उन्हाने त्रासलेला मनुष्य पुष्कळदा प्रथम गावातील वैद्याकडे किंवा औषधी दुकानात येतो. तेथे दोन गोष्टींचे भान हवे.

पहिली गोष्ट लवणाची. ग्रीष्मचर्येत लवण, अम्ल, कटू रसांचे वर्जन सांगितले आहे. परंतु आठ तास उन्हात राबणाऱ्या शेतमजुराच्या किंवा बांधकाम कामगाराच्या घामावाटे जलाबरोबर क्षारही जातात. त्याला ‘मीठ टाळा, नुसते थंड पाणी प्या’ असे सांगणे हिताचे नाही. जलसंजीवनी, मीठ घातलेले ताक, पेज यांचा सल्ला द्यावा. मात्र हृद्रोगी, वृक्कविकारी आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत लवणाचे व जलाचे प्रमाण विचारपूर्वक ठरवावे. मूत्रल औषधे घेणाऱ्यांची विशेष चौकशी करावी.

दुसरी गोष्ट उष्माघाताची. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक आणि त्यासोबत असंबद्ध बोलणे, भ्रम, आक्षेप वा मूर्च्छा, असे दिसताच हा केवळ पित्तप्रकोप समजून प्रवाळ, कामदुधा देऊन रुग्णास घरी पाठवू नये. त्वचा कोरडी असलीच पाहिजे असे नाही. श्रमिकांत घाम चालू असतानाही उष्माघात होतो. रुग्णास तत्काळ सावलीत न्यावे, जादा कपडे काढावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत शीतोपचार थांबवू नये. शुद्धीवर नसलेल्याच्या मुखात पाणी वा औषध घालू नये.

औषधी दुकानदार बंधूंनाही आमची विनंती आहे. उन्हाळ्यात जलसंजीवनीची पाकिटे दर्शनी भागात ठेवावीत. पत्र्याच्या छपराखालील गोदामात आसव-अरिष्टे, घृते, अवलेह, गुग्गुळकल्प साठवू नयेत. तापमापक लावून रोज नोंद घ्यावी.

त्याच विमानस्थानात आत्रेयांनी भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी संग्रहित करण्याची आज्ञा केली आहे. आपत्तीच्या आधी सिद्धता, हा त्यामागील विचार आजही मार्गदर्शक आहे. तेव्हा प्रत्येक तालुका शाखेने फाल्गुनातच सभा घेऊन आपापल्या सदस्यांना ही लक्षणे व प्रथमोपचार समजावून द्यावेत, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाशी संपर्क ठेवावा आणि चिकित्सालयात येणाऱ्या उष्माविकारांची दिनांकवार नोंद ठेवून ती आरोग्य खात्यास कळवावी, असे आम्ही सुचवितो.