संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन : पातिव्रत्य आणि गुरुनिष्ठा

सतराव्या शतकात एका ब्राह्मण विवाहितेने कुणबी संताला गुरू मानावे आणि भक्तीपायी पतीच्या हातून सोसलेला मार स्वतःच्या अभंगांत नोंदवून ठेवावा, ही मराठी वाङ्मयेतिहासातील असाधारण घटना होय. शिऊरच्या संत बहिणाबाईंचे (इ. स. १६२८–१७००) आत्मनिवेदन मराठीतील आद्य स्त्री-आत्मचरित्र म्हणून गौरविले जाते. या गौरवात त्यातील संघर्षाचे स्वरूप मात्र बहुधा झाकले जाते.

वेरूळजवळील देवगावच्या कुलकर्णी घराण्यातील या मुलीचा विवाह बालपणीच तिशीतल्या बिजवराशी, गंगाधर पाठक यांच्याशी झाला. कौटुंबिक आपत्तीमुळे देशोदेशी फिरत हे कुटुंब कोल्हापुरास आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकारामांच्या अभंगांचा त्यांना वेध लागला. पुढे तुकारामांनी स्वप्नात अनुग्रह दिला, असे त्या सांगतात. स्वप्नानुग्रह चिकित्सकांस पटो वा न पटो, त्याचा सामाजिक अर्थ उघड आहे. अशा उपदेशाला ना कुळाची संमती लागते, ना पुरोहिताची. स्वतः तुकारामांचा गुरूपदेशही स्वप्नातलाच होता.

वेदविद्येवर चरितार्थ चालविणाऱ्या पतीला शूद्र गुरू हा कुळाचा अपमान वाटला. पत्नीच्या दर्शनाला लोक येऊ लागले, तेव्हा तर ती गर्भवती असतानाच तिला सोडून जाण्याचा त्याने निश्चय केला. आत्मनिवेदनाचा हा भाग विशेष सूक्ष्मपणे वाचावा लागतो. पती हाच देव, त्याच्याविना पाषाणाचा विठ्ठल आणि स्वप्नातले तुकाराम काय कामाचे, असा विचार त्या येथे मांडतात. आधुनिक वाचक येथे निराश होतो आणि परंपरानिष्ठ वाचक सुखावतो. दोघेही घाई करतात. कारण ही शरणागती पत्करूनही बहिणाबाई गुरूला सोडीत नाहीत. पती आजारी पडतो, त्याचे मन पालटते आणि अखेर सारे कुटुंबच देहूला जाते. तेथे मंबाजीचा छळ त्यांच्या वाट्याला येतो. पुढे ब्राह्मण्य जन्मावर ठरते काय, हा प्रश्न विचारणाऱ्या ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथाला त्यांनी अभंगरूप दिले. घरात न उच्चारता येणारा युक्तिवाद त्यांनी तेथे शास्त्राच्या मुखातून वदविला, असे म्हणण्यास जागा आहे.

युरोपशी तुलना येथे उद्बोधक ठरते. बव्हेरियातील आर्गुला फोन ग्रुमबाख या उमराव स्त्रीने १५२३ मध्ये इंगोलश्टाट विद्यापीठाला जाहीर पत्र लिहून ल्यूथरपंथी तरुणाची बाजू घेतली. परिणामी पतीचे अधिकारपद गेले. बहिणाबाईंच्याच काळातील चित्रकार मारिया सिबिला मेरिआन पतीचे घर सोडून १६८५ च्या सुमारास नेदरलँड्समधील एका धर्मपंथात दाखल झाली. कौटुंबिक सत्तेपेक्षा वरिष्ठ अशी धर्मसत्ता तिघींनीही आधाराला घेतली. मेरिआनला मात्र आश्रय देणारी वसाहत आणि हातची कला होती. घराबाहेर पडलेल्या ब्राह्मण स्त्रीला असा ठाव जवळपास नव्हताच. म्हणून बहिणाबाईंचा विद्रोह संसार न मोडता चालतो.

आत्मनिवेदनातील श्रोताही ध्यानात घ्यावयास हवा. अंतकाळी पुत्र विठोबाला जवळ बोलावून त्या आपल्या मागील बारा जन्मांची कथा सांगतात. त्याच संहितेत त्याच्या पित्याने केलेली मारहाणही आहे, आणि ती त्यांनी गाळलेली नाही.