उन्हाळी शेतकाम आणि स्त्रियांचे मूत्रविकार

चैत्र-वैशाखात कांद्याची काढणी भरात असते. तांबडे फुटताच शेतावर आलेल्या कित्येक स्त्रिया दुपारपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यांना तहान लागत नाही असे नव्हे. उघड्या रानात आडोसा नसतो, म्हणून त्या तहान व लघवी दोन्ही दाबून ठेवतात.

अशाने मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होण्याचा संभव वाढतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असल्याने आतड्यातील जंतू मूत्राशयात सहज शिरतात. लघवी मोकळी झाल्यास ते वाहून जातात. ती तुंबली की तेथेच वाढतात.

यास्तव शेतमालकाने सावलीत पिण्याचे स्वच्छ पाणी ठेवावे आणि चार बांबू व गोणपाट यांचा आडोसा उभारावा. स्त्रियांनी थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे, दर दोन-तीन तासांनी लघवीस जावे व शौचानंतर पुढून मागे धुवावे.

लघवीस जळजळ होणे, ती वारंवार लागणे, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. थंडी वाजून ताप येणे, पाठीत कुशीकडे दुखणे किंवा लघवीतून रक्त जाणे असे घडल्यास त्याच दिवशी जावे. गरोदर स्त्रीने तर मुळीच विलंब करू नये. ताक-सरबताने बरे वाटले तरी ते औषध नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच सोडू नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बी-बियाण्यांच्या सल्ल्याबरोबर आडोशाचाही आग्रह धरावा.