यकृतातील साधी गाठ

‘गाठ’ हा शब्द कानी पडला की आपल्या घरांतून लगेच कर्करोगाचे नाव निघते. सर्वच गाठी कर्करोगाच्या नसतात हे आपण वाचलेले असते. पण स्वतःच्या घरात ती वेळ आली की वाचलेले काही आठवत नाही. यकृतात होणारी अशी एक दुर्मिळ आणि बहुधा साधी गाठ म्हणजे ॲडेनोमा. तिचे निदान व उपचार यांविषयी मला जे समजले ते येथे सांगते.

उजव्या बरगड्यांखाली सुमारे दीड किलो वजनाचे यकृत असते. त्यातील पेशींची अवाजवी वाढ होऊन ही गाठ बनते. ती मुख्यतः तरुण व मध्यमवयीन स्त्रियांत आढळते. अमेरिकेत १९६० साली गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली आणि १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गोळी घेणाऱ्या ७ स्त्रियांच्या यकृतातील गाठींची हकिकत प्रसिद्ध झाली. गोळीतील इस्ट्रोजेन हे संप्रेरक या वाढीला खतपाणी घालते. आजच्या गोळ्यांत त्याची मात्रा बरीच कमी असते. त्यामुळे गोळीचा धसका घेण्याचे कारण नाही. पुरुषांत ही गाठ क्वचितच होते. परंतु शरीर कमावण्यासाठी स्टेरॉइडची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना तिचा धोका असतो.

पुष्कळदा या गाठीचा काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी होते आणि गाठ दिसते. मात्र सोनोग्राफीवरून ती कोणत्या जातीची हे नक्की ठरत नाही. रक्तवाहिन्यांचा साधा पुंजकाही तसा दिसू शकतो आणि कर्करोगही. म्हणून शिरेतून औषध देऊन एम.आर.आय. काढतात. गाठ ते औषध कसे शोषते आणि कसे सोडते, यावरून तज्ज्ञ तिची ओळख पटवतात. चित्रावरून उलगडा झाला नाही तरच सुईने तुकडा काढून तपासतात, कारण या गाठीतून रक्तस्राव होण्याची भीती असते.

पण या साऱ्या यंत्रांच्या आधी डॉक्टरांचा एक साधा प्रश्न असतो : ‘कोणती औषधे घेता?’ माझ्या वहिनीची पित्ताशयातील खड्यांसाठी सोनोग्राफी झाली तेव्हा यकृतात ४ सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टरांनी गोळ्यांविषयी विचारताच तिने शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे पाहिले आणि ‘नाही’ म्हणाली. दोन दिवसांनी तिने मला सोबत घेऊन पुन्हा दवाखाना गाठला आणि खरे सांगितले. सहा वर्षे ती गोळी घेत होती. तपासणीत ॲडेनोमाच निघाला. गोळी बंद झाली. सहा महिन्यांनी गाठ अडीच सेंटिमीटरवर आली होती. तिच्या पोटाला सुरी लागली नाही.

उपचाराची रीत साधारण अशीच आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवून कुटुंबनियोजनाचा दुसरा मार्ग धरायचा, वजन जास्त असल्यास उतरवायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा एम.आर.आय. करायचा. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बहुधा नजर ठेवणे पुरते. त्याहून मोठी राहिली किंवा वाढत गेली तर शस्त्रक्रिया करतात, कारण मोठी गाठ फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित तिचे कर्करोगात रूपांतरही होते. पुरुषांत हे रूपांतर अधिक संभवते, म्हणून त्यांची गाठ लहान असली तरी काढण्याचाच सल्ला देतात. गाठीचा भाग कापला तरी निरोगी यकृत पुन्हा वाढते, हे निसर्गाचे मोठेच देणे. पोटात उजवीकडे अचानक असह्य कळ येऊन घेरी आली, तर मात्र क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे नळीवाटे रक्तवाहिनी बंद करून रक्त थांबवता येते.

साधी म्हणून ही गाठ विसरायची नसते आणि गाठ म्हणून तिला घाबरायचेही नसते. माझ्या मैत्रिणींना आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या मित्रांना मला एवढेच सांगायचे आहे : घरात जे बोलता येत नाही ते डॉक्टरांपुढे तरी बोला. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनीही तपासणीच्या वेळी सुनेला, मुलाला डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्यावे.