उपग्रह-आधारसामग्रीचे समूह-संस्करण

कृत्रिम उपग्रहांकडून मिळालेल्या अनेक फाइलींवर ठराविक क्रिया, प्रत्येक फाइल हाताने न उघडता, आज्ञा-लेखाच्या साहाय्याने संगणकाकडून क्रमाने करवून घेण्याच्या पद्धतीस समूह-संस्करण म्हणतात. एरव्ही कळफलकावरून एकेक करून द्यावयाच्या आज्ञा ज्या मजकूर-फाइलीत क्रमवार लिहून ठेवलेल्या असतात, तिला आज्ञा-लेख म्हणतात.

या पद्धतीची गरज बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. बालाघाट डोंगररांगेतील हा तालुका मांजरा नदीचे उगमक्षेत्र होय. तो अवर्षणप्रवण असून तेथील शेती मुख्यत्वे पावसावर अवलंबून आहे. खरीप पिकांची स्थिती अजमावण्यासाठी अमेरिकेच्या टेरा उपग्रहावरील (१९९९) मोडिस उपकरणाच्या नोंदी उपयोगी पडतात. त्यांवरून दर १६ दिवसांचा एक, म्हणजे वर्षाला २३ वनस्पती निर्देशांक-फाइली तयार होतात. २००१ ते २०२० या २० वर्षांच्या फाइलींची संख्या ४६० होते. शिवाय प्रत्येक फाइल सु. १,२०० किमी. लांबीरुंदीच्या प्रदेशाची असून तीत १२ स्तर असतात. त्यांतून एका तालुक्यापुरता भाग हाताने वेगळा काढणे कष्टाचे व चुकांना वाव देणारे असते.

कार्यपद्धती : या कामासाठी जीडाल हा मुक्त आज्ञावलींचा संच सर्वत्र वापरला जातो. त्याची निर्मिती १९९८ मध्ये फ्रँक वॉर्मरडॅम यांनी सुरू केली. आज्ञा-लेखातील आवर्तन-आज्ञा फाइलींच्या यादीतील एकेक नाव घेते व त्या फाइलीवर पुढील क्रिया करविते : (१) वनस्पती निर्देशांक व विश्वसनीयता हे स्तर वेगळे काढणे, (२) मूळ ज्यावक्री प्रक्षेपणातून त्यांचे स्थानिक नकाशांशी जुळणाऱ्या प्रक्षेपणात रूपांतर करणे, (३) तालुक्याच्या सीमेनुसार ते कापणे, (४) ढगांनी झाकलेले पिक्सेल वगळणे, (५) फलिताची फाइल तारखेनुसार नाव देऊन साठविणे. विश्वसनीयता स्तरातील अंक हे संकेतांक असल्याने रूपांतर करताना त्यांची सरासरी काढणे अर्थहीन ठरते. तेथे निकटतम पिक्सेलचे मूल्यच घ्यावे लागते.

त्यानंतर वनस्पती स्थिती निर्देशांक काढतात. चालू मूल्यातून त्याच पंधरवड्याचे अनेक वर्षांतील किमान मूल्य वजा करून येणाऱ्या संख्येस कमाल व किमान मूल्यांतील फरकाने भागतात आणि १०० ने गुणतात. हा निर्देशांक ३५ पेक्षा कमी असल्यास तो सर्वसाधारणपणे दुष्काळाचा निदर्शक मानतात.

दोष व पडताळणी : आज्ञा-लेख प्रत्येक फाइलीला सारखीच वागणूक देतो, हा त्याचा गुण, परंतु त्यातील एक चूकही तो सर्व फाइलींत तितक्याच इमानाने उतरवितो. उदा., मोडिसच्या फाइलीत जेथे नोंद नसते तेथे −३,००० हा अंक भरलेला असतो. समजा, एका पिक्सेलचे चालू मूल्य २,५००, किमान १,५०० व कमाल ६,५०० आहे. त्याचा निर्देशांक २० येतो; पीक संकटात आहे. मात्र −३,००० हा अंक वगळण्याची आज्ञा लिहावयाची राहिली, तर तोच किमान मूल्य ठरतो व निर्देशांक सु. ५८ येतो. शेतातील पीक करपलेले असताना नकाशावर ते समाधानकारक दिसते आणि संगणक चुकीची कोणतीही सूचना देत नाही.

केंद्र शासनाच्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत (२०१६) सुदूर संवेदनाधारित वनस्पती निर्देशांकांचा प्रभावदर्शक निकषांत समावेश असल्याने अशा चुकीचा परिणाम तालुक्याला मिळणाऱ्या सवलतींवर होऊ शकतो. म्हणून आज्ञा-लेख प्रथम दोन-तीन फाइलींवर चालवून उत्तरे हाताने पडताळणे, मूळ फाइली अबाधित ठेवणे, एखादी क्रिया फसल्यास काम तेथेच थांबेल अशी योजना करणे, मिळालेल्या व तयार झालेल्या फाइलींची संख्या जुळविणे आणि प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणे आवश्यक असते. आज्ञा-लेख जतन केल्यास दुसऱ्या तज्ज्ञाला तेच गणित पुन्हा करून निष्कर्ष तपासता येतो.

मोडिसचा एक पिक्सेल जमिनीवर सु. ५.४ हे. क्षेत्र व्यापतो. त्यात अनेक लहान शेतकऱ्यांची शेते, बांध व पडीक जमीन एकत्र येतात. त्यामुळे यदृच्छेने निवडलेल्या गावांतील पिकांची प्रत्यक्ष पाहणी ही या पद्धतीला पूरक असून तिची जागा समूह-संस्करणाला घेता येत नाही.