रिकामी उभी रुग्णवाहिका आणि रांगेचे गणित

रांग म्हटली, की शहरातील वाचकाला रेल्वेची तिकीट खिडकी किंवा ससून रुग्णालयातील केसपेपरची गर्दी आठवते. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या डोंगराळ तालुक्यांत अशी रांग क्वचितच दिसते. (वेल्हे तालुक्याचे ‘राजगड’ असे नामांतर करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये मंजुरी दिली.) मात्र, रांग दिसत नाही याचा अर्थ ती नाही, असा होत नाही. घाटापलीकडच्या वाडीत फोन करून रुग्णवाहिकेची वाट पाहणारे कुटुंब हेही रांगेतच उभे असते.

रांगेचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. अर्लांग यांनी 1909 मध्ये दूरध्वनीच्या मागणीचे गणित मांडले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये आकाराला आलेल्या ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या शाखेने पुढे ते आपलेसे केले. उपलब्ध साधने कोठे, किती आणि कशी ठेवावीत, हे अंदाजाऐवजी मोजमापाने ठरविणे, हे या शाखेचे काम.

महाराष्ट्रात 2014 मध्ये ‘108’ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा 937 वाहनांनिशी सुरू झाली. अशा सेवेला हे गणित कसे लागू पडते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका डोंगरी भागात एकच रुग्णवाहिका आहे. दिवसाला सरासरी चार फोन येतात आणि रुग्णाला पोचवून परत येण्यास सरासरी तीन तास लागतात. म्हणजे चोवीस तासांपैकी बारा तास गाडी कामात आणि बारा तास रिकामी. वरवर पाहता गाडी पुरेशी वाटते. परंतु फोन वेळापत्रकानुसार येत नाहीत आणि प्रत्येक फेरीला लागणारा वेळही सारखा नसतो. रांगेच्या सर्वांत सोप्या सूत्रानुसार गाडी मोकळी होण्यासाठीची सरासरी प्रतीक्षा येते तब्बल तीन तास! फोन चारचे सहा झाले, तर काम दीडपट होते. प्रतीक्षा मात्र तिप्पट, म्हणजे नऊ तास होते.

आता पहिल्याच उदाहरणात दुसरी गाडी दिली तर? प्रतीक्षा निम्मी होईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती तीन तासांवरून सुमारे बारा मिनिटांवर येते. मात्र दोन्ही गाड्या तीन-चतुर्थांश वेळ रिकाम्या उभ्या राहतात. नेमके येथेच लेखापरीक्षण आणि गणित यांचे बिनसते. एकाला जो अपव्यय दिसतो, त्यालाच दुसरा सेवा म्हणतो. अग्निशामक बंब दिवसभर उभा होता म्हणून आपण तो विकत नाही.

व्यवहारात अर्थातच कोणी तीन तास थांबत नाही. नातेवाईक रुग्णाला मिळेल त्या जीपमध्ये घालून निघतात. मग नोंदवहीत मागणी कमी दिसते आणि कमी मागणीच्या आधारे सेवा आणखी आखडली जाण्याचा धोका संभवतो.

दुसरा प्रश्न जागेचा. डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. वेल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 54 हजार. पण लोकसंख्येच्या भागाकारात ना पाबे घाट दिसतो, ना भाटघर धरणाचा फुगवटा. समोर दिसणाऱ्या गावाला जाण्यासाठी जलाशयाला वळसा घालावा लागतो. त्यामुळे नकाशावरील अंतराऐवजी रस्त्यावरचा वेळ मोजायला हवा, तोही पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा वेगवेगळा.

ठरावीक वेळेत जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचण्यासाठी केंद्रे कोठे असावीत, याचे प्रारूप रिचर्ड चर्च आणि चार्ल्स रेव्हेल यांनी 1974 मध्ये मांडले. मात्र ते डोळे झाकून वापरले, तर गाड्या महामार्गालगतच्या नसरापूरकडे झुकतील. कारण तेथे माणसे जास्त. मग शेवटच्या वाडीचे काय? तिने अधिकाधिक किती मिनिटे थांबावे, हे गणित सांगू शकत नाही. ते समाजानेच ठरवायचे असते. एकदा ती मर्यादा ठरली, की किती गाड्या लागतील आणि त्या कोठे उभ्या कराव्यात, हे गणित सांगू शकते.

यासाठी सुरुवातीला महागड्या यंत्रणेचीही गरज नाही. फोन आल्याची, गाडी निघाल्याची, पोचल्याची आणि मोकळी झाल्याची अशा चार वेळा नीट नोंदवल्या आणि नकार मिळालेले फोनही त्यात धरले, तरी मोठे काम होईल. गाडी किती तास धावली, यापेक्षा रुग्ण किती मिनिटे थांबला, हा प्रश्न आढावा बैठकीत आधी विचारला गेला पाहिजे.