मानेचा मणका आणि ऑपरेशनचा धसका

बेल्लमपल्ली हे कोळशाचं गाव. पूर्वी अदिलाबाद जिल्ह्यात, 2016पासून मंचेरियालमध्ये. भुयारी खाणीत छत कोसळणं, ताडी उतरवणाऱ्याचा पाय निसटणं, दुचाकी घसरणं, अशी मानेला मार बसण्याची कारणं या पट्ट्यात कमी नाहीत. ताडावर चढणाऱ्यांसाठी तर तेलंगण सरकारने 2024मध्ये ‘काटमय्या रक्षा कवच’ नावाचा सुरक्षा संच आणला. मोठं इस्पितळ गाठायचं तर खाली वरंगळ-हैदराबाद, नाहीतर वर चंद्रपूर-नागपूर. वाटेत सल्ले फुकट मिळतात. एक म्हणतो, मानेला सुरी लावू नका, माणूस जन्माचा लुळा होतो. दुसरा म्हणतो, मणका मोडलाय, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही. दोघेही सारख्याच ठामपणे चुकतात.

त्याआधीचा गैरसमज अधिक घातक असतो: ‘उठून बसला, मान हलवतोय, म्हणजे काही झालेलं नाही.’ मणका मोडूनही माणूस चालत दवाखान्यात येऊ शकतो. कॅनडातल्या डॉक्टरांनी 2001मध्ये भानावर असलेल्या जखमींसाठी एक नियम मांडला. वय 65 किंवा अधिक, तीन फूट किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, हातापायांना मुंग्या येणं, यांपैकी एक गोष्ट असली तरी मानेचं चित्रण हवंच. मान वळवून बघायची ती डॉक्टरांनी. घरच्यांनी नाही, आणि कटकन मान मोडून देणाऱ्या न्हाव्याने तर नाहीच.

मग ऑपरेशन कोणाला? मानेच्या तिसऱ्या ते सातव्या मणक्यांसाठी 2007मध्ये ‘स्लिक’ नावाची गुणपद्धत आली. ती तीन गोष्टी बघते: हाड कसं मोडलं, मणके बांधून ठेवणारे अस्थिबंध शाबूत आहेत का, आणि मज्जारज्जू किंवा नसांना किती इजा झाली. बेरीज तीन किंवा कमी असेल तर सहसा पट्टा आणि विश्रांती. पाच किंवा अधिक असेल तर ऑपरेशनकडे कल. चार आले तर सर्जनचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा. यातली एक गोष्ट प्रथम उलटी वाटते. मज्जारज्जू पूर्ण निकामी झाला तर दोन गुण, अर्धवट झाला तर तीन. कारण सरळ आहे. जिथे थोडी हालचाल, थोडी संवेदना उरली आहे, तिथे वाचवण्यासारखं जास्त असतं.

वरच्या दोन मणक्यांचं गणित वेगळं. ते एकमेकांवरून निसटत असतील तर स्क्रू आणि पट्टीने जखडावे लागतात. त्याची आज जगभर वापरली जाणारी एक पद्धत मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. अतुल गोयल यांनी 1994मध्ये प्रसिद्ध केली. मानेचं ऑपरेशन परदेशातच धड होतं असं मानणाऱ्यांनी परळची ही हकिकत ऐकावी.

‘एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसतेय, कापावंच लागेल’ हा घाबरवणारा प्रकार. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या 1,211 जणांचा एमआरआय काढला. 2015मध्ये छापून आलेल्या त्या निष्कर्षांत 87.6 टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. अपघातानंतर दिसलेली गादी अपघाताचीच असेल असं नाही. ती हाताच्या दुखण्याशी, बधिरपणाशी जुळते का, हे तपासूनच कळतं.

मात्र मज्जारज्जू खरोखर दबलेला असेल तर ‘चार दिवस थांबून बघू’ महागात पडतं. 2012च्या एका मोठ्या अभ्यासात 24 तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी 19.8 टक्के रुग्ण सहा महिन्यांत इजेच्या मोजपट्टीवर दोन किंवा अधिक श्रेणींनी सुधारले; उशिरा झालेल्यांत 8.8 टक्के. हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचावेत: लवकर ऑपरेशन होऊनही पाचांतल्या चौघांना तेवढी सुधारणा मिळाली नाही. ‘सुपरमॅन’ ख्रिस्तोफर रीव्ह 1995मध्ये घोड्यावरून पडला. सर्जनांनी कवटी आणि मान पुन्हा जोडली, पण हातपाय परतले नाहीत. ऑपरेशन दाब काढतं, मणके स्थिर करतं. मेलेला मज्जारज्जू जिवंत करत नाही.

आणि मान कायमची ताठ होते का? खालचे दोन मणके जोडले तर फरक थोडा जाणवतो. पहिला आणि दुसरा जोडले तर मान वळवण्याची जवळपास निम्मी क्षमता जाते. समोरून केलेल्या ऑपरेशननंतर गिळायला त्रास, आवाज बसणं असं होऊ शकतं; बहुतेकांत ते काही आठवड्यांत ओसरतं. लुळेपणा येणं दुर्मीळ आहे, अशक्य नाही.

पट्ट्यावर सोडलेल्यांनाही सुटका नसते. हाड सरकलं तर आजचं ‘ऑपरेशन नको’ उद्या बदलू शकतं, म्हणून ठरल्या तारखांना एक्स-रे काढावे लागतात. सर्वांत अवघड निर्णय म्हाताऱ्यांचा: न्हाणीघरात तोंडावर पडले, हाड मोडलं नाही, पाय चालतात, पण हातातला घास धरवत नाही. आधीच अरुंद झालेल्या मणक्याच्या पोकळीत मज्जारज्जूचा मधला भाग दुखावलेला असतो. यातले बरेच जण ऑपरेशनविनाही काही प्रमाणात सुधारतात, आणि ते केव्हा करावं यावर तज्ज्ञांमध्येही एकमत नाही. अशा वेळी नुसता अहवालाचा कागद नव्हे, एमआरआयची मूळ फिल्म किंवा सीडी घेऊन दुसऱ्या सर्जनकडे जावं. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.