घरगुती उपयोगाकरिता बेताच्या किमतीचा लॅपटॉप

शेतकऱ्याच्या घरी लॅपटॉप घेण्याचा विषय बहुधा मृगाच्या सुमारास निघतो. मुलांचे प्रवेश त्याच वेळी सुरू होतात, आणि बी-खतास रोकड लागते तीही नेमकी त्याच वेळी. मग हातात उरलेल्या रकमेत जे यंत्र बसेल ते घाईने उचलले जाते. प्रस्तुत लेखकानेही असेच केले होते. सबब स्वतःच्या अनुभवापासूनच आरंभ करणे बरे.

सेवेत असताना, काही वर्षांपूर्वी, मुलीकरिता मी नवा कोरा लॅपटॉप घेतला. दुकानदाराने वजनाला हलका, दिसण्यात सुबक आणि किमतीला सर्वांत कमी असा तो दाखविला. स्मरण ४ जीबी, साठा ६४ जीबी, प्रोसेसर सेलेरॉन एन४०२०. या आकड्यांचा अर्थ मी विचारला नाही आणि त्याने सांगितला नाही. दोन वर्षांच्या आत विंडोजच्या नव्या दुरुस्त्या मावण्यास त्यात जागा राहिली नाही. मुलीच्या प्रवेश-अर्जाच्या शेवटच्या दिवशी यंत्र अर्धवट दुरुस्ती घेऊन अडून बसले, आणि तिला मोटारसायकलवर बसवून १८ किलोमीटरवरील तालुक्याच्या गावी मला धाव घ्यावी लागली. दुकान बंद होण्यास पाव तास असता अर्ज गेला. पुढे स्मरण वाढवावे म्हणून यंत्र उघडविले, तो चिपा पाटीवर डाखाने पक्क्या बसविलेल्या निघाल्या. वाढविण्याची सोयच नव्हती.

आता त्या आकड्यांचा अर्थ. ज्याने तहसील कचेरी पाहिली आहे त्यास तो सहज कळेल. साठा म्हणजे दप्तरखाना. तेथे सर्व रुमाल बांधून ठेवलेले असतात. स्मरण, ज्यास रॅम म्हणतात, ते कारकुनाचे मेज होय. चालू कामाचे कागद तेवढे त्यावर पसरायचे. मेज लहान असले म्हणजे दर घटकेस एक रुमाल बांधून दुसरा सोडावा लागतो, आणि कारकून कितीही हुशार असो, काम रेंगाळते. कारकून म्हणजे अर्थात प्रोसेसर. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी स्मरण व ६४ जीबी साठा पुरतो असे लिहिलेले असते. परंतु ती केवळ दाराच्या आत शिरण्यापुरती अट आहे. हल्ली ८ जीबीपेक्षा कमी स्मरणाचे यंत्र घेऊ नये, आणि शक्य तर एक खाच रिकामी आहे काय, हे विचारून घ्यावे. २०२५ च्या अखेरीपासून स्मरणाच्या चिपांचे भाव चढले आहेत, म्हणून दुकानदार ४ जीबीचा माल पुढे करील. त्यास बळी पडू नये.

साठा २५६ जीबी असला तरी घरास पुरेसा आहे, मात्र तो एसएसडी जातीचा असावा. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क १००० जीबीची म्हणून मोठी भासते, पण ती मंद असते आणि धक्क्याने बिघडते. ईएमएमसी नावाची तिसरी जात बहुधा पाटीवरच पक्की बसविलेली असते. माझ्या यंत्रात हीच होती.

प्रोसेसरच्या बाबतीत आपल्या लोकांचा एक दृढ समज आहे की आय-सेव्हन थोरला, आय-फाइव्ह मधला व आय-थ्री धाकटा. हा क्रम एकाच पिढीत खरा आहे. पिढी बदलली की खोटा. इंटेलचा आय-सेव्हन ६६००यू हा सहाव्या पिढीचा असून त्यास दोनच गाभे आहेत. आय-थ्री १२१५यू हा बाराव्या पिढीचा, त्यास सहा आहेत. नावापुढील आकड्यात पहिला किंवा पहिले दोन अंक पिढी सांगतात. बैल घेताना आपण शिंगांच्या रंगावर न जाता दात पाहतो, तसे हे अंक पाहावेत. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत मात्र पहिल्या अंकावर भिस्त ठेवू नये, कारण तेथे घडणीची जात तिसरा अंक सांगतो. रायझन ३ ७३२०यू हा २०२२ साली आला, तरी त्याची घडण झेन २ ही जुनीच आहे. घरच्या कामास तो चालतो. नव्याची किंमत मात्र देऊ नये.

पिढीचा प्रश्न जुन्या यंत्रांच्या खरेदीत फार महत्त्वाचा आहे. मोठ्या कंपन्यांनी वापरून विकलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या नावांचे लॅपटॉप बाजारात पुष्कळ मिळतात. बांधणीने ते नव्या स्वस्त यंत्रांहून मजबूत असतात आणि माझे मत त्यांजकडे झुकते. परंतु विंडोज १० ला मोफत दुरुस्त्या पुरविण्याचा नेहमीचा क्रम १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या यंत्रांस, एखाददुसरा अपवाद सोडता, विंडोज ११ रीतसर मिळत नाही. तेव्हा आठव्या पिढीच्या आतले यंत्र बँकेच्या व्यवहाराकरिता घेऊ नये. लिनक्स वापरणारा मुलगा घरात असेल तर गोष्ट निराळी. वापरलेल्या यंत्राचा बॅटरी-अहवाल दुकानदाराकडून समोर काढवावा. त्यात मूळ क्षमता व आजची क्षमता शेजारी लिहिलेल्या असतात. आजची क्षमता मूळच्या निम्म्यावर आली असल्यास नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करावी. पक्के बिल घ्यावे व त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा. बिनबिलाचा माल चोरीचा निघाला तर पंचनाम्यात आपले नाव येते, हे महसुलात आयुष्य काढलेल्या माणसाने वेगळे सांगावयास नको.

पडदा १९२० बाय १०८० बिंदूंचा व आयपीएस जातीचा असावा. टीएन जातीचा पडदा बाजूने पाहिल्यास काळवंडतो. घरातील तिघे एकत्र बसून सातबारा वाचू लागले की हा फरक कळतो. काही यंत्रे विंडोजविना, ‘डॉस’ म्हणून, स्वस्त विकतात. त्यांत पुढे विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, हे हिशेबात धरावे. हिशेब-पत्रांकरिता लिब्रेऑफिस फुकट मिळते, आणि मराठी लिहिण्याची सोय विंडोजमध्येच असते. तीकरिता कोणास पैसे देऊ नयेत.

आणि एक प्रश्न दुकानात जाण्यापूर्वीच घरी सोडवावा, तो असा की लॅपटॉप हवा आहे तरी का? ई-पीक पाहणी मोबाईलवर होते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून मोबाईलवरही उतरविता येतो. तेवढ्याकरिता लॅपटॉप घेणे म्हणजे दोन सरी भिजविण्यास नवी विहीर खणणे होय. मुलांचा अभ्यास, लांबलचक अर्ज, सोसायटीचे किंवा शेतीचे हिशेब हे काम असेल तर मात्र तो अवश्य घ्यावा. वीज जाते अशा गावी टेबलावरच्या संगणकापेक्षा लॅपटॉपच बरा, कारण त्याची बॅटरी अंगचीच असते.

ॲडॉप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत दाब सोसतो, त्याजवर ते लिहिलेले असते. परंतु पंपाच्या लाईनवर दाब चढला तर तोही जळतो. यंत्राच्या धातूच्या अंगास हात लावता मुंग्या आल्या तर घरची अर्थिंग तपासवावी. बहुतेक वेळा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या छिद्रात कोंबलेला असतो. मळणीच्या दिवसांत यंत्र ओटीवर उघडे ठेवू नये. भुसा पंख्यात बसतो आणि यंत्र तापून मंद होते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, जाणत्याकडून पंखा साफ करवावा.